मागचा डिस्क ब्रेक पुन्हा पुन्हा जातोय: दुरुस्त करू की बदलू?

दोनचाकी

नमस्कार मंडळी. माझी सायकल सहा वर्षांची आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, मिनरल ऑइलवाले. पुढचा ब्रेक आजही उत्तम लागतो. मागचा मात्र तीन महिने पिच्छा सोडत नाहीये. आधी नुसता किंचाळायचा, मग हळूहळू जोर कमी झाला. पॅड बदलून घेतले, आठ-दहा दिवस झकास चालले आणि पुन्हा तेच रडगाणं. पुन्हा पॅड बदलले, पुन्हा तेच. आता तर लिव्हर दाबला की जवळजवळ हँडलला टेकतो. दोन-तीनदा भराभर दाबला तर जरा कडक होतो.

मेकॅनिक म्हणतो, सहा वर्षं म्हणजे आयुष्य संपलं, दोन्ही ब्रेकचा पूर्ण सेट बदला. घरचे म्हणतात, पुढचा नीट चालतोय तर तो कशाला काढायचा? मला दोघांचंही पटतंय आणि म्हणूनच निर्णय होत नाहीये. रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर होतात आणि वाटेत एक लांब उतार आहे, त्यामुळे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायची सोय नाही. तुम्ही कशावरून ठरवता?

नवखा_रायडर

ताई, बदलून टाका. बाकी कशातही काटकसर करावी, ब्रेकमध्ये नको.

उतारपटू

जरा थांबा, इतक्यात खरेदी नको. भराभर दाबल्यावर कडक होतो म्हणजे नळीत हवा आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पहिला दाब सगळा हवा आवळण्यातच जातो आणि पॅडपर्यंत जोर पोचत नाही. ब्रेक नीट ब्लीड केला, म्हणजे नळीतली हवा काढून टाकली, की काम होईल. लिव्हरला फनेल, कॅलिपरला (चाकापाशी पॅड धरून ठेवणारा भाग) सिरिंज, खालून तेल वर ढकलायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. त्याआधी चाक आणि पॅड काढून ठेवा, तेलाचा एक थेंब पॅडवर पडला तर पॅड गेलेच म्हणून समजा.

सायकल उलटी करून ठेवता का कधी? लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीत थोडी हवा असू शकते. सायकल सरळ उभी असताना ती तिथेच वर राहते. उलटी केली की ती नळीत शिरू शकते.

दोनचाकी

पंक्चर काढताना एकदा उलटी केली होती, पण ते जानेवारीत. त्रास त्यानंतर बराच उशिरा सुरू झाला. आणि ब्लीड तर दुसऱ्यांदा पॅड बदलताना केलं होतं की! तेव्हा लिव्हर एकदम कडक झाला होता.

मंदगती

@नवखा_रायडर, भावना पटते, पण नवीन ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक असं नसतं. मी पूर्ण नवा सेट बसवून घेतला होता आणि त्याच संध्याकाळी उतारावर निघालो. लिव्हर कडक, सगळं चकाचक, आणि सायकल थांबेना. नवे पॅड आणि नवा रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) एकमेकांवर बसलेच नव्हते. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढावा लागतो, तेव्हा कुठे पकड येते. मोकळ्या सपाट रस्त्यावर साधारण २० च्या वेगाने जायचं, चाक लॉक होऊ न देता चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं वीसेक वेळा केल्यावर पकड येत गेलेली हाताला कळते. बसवणाऱ्याने मला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पायाने थांबलो.

दोनचाकी, तुम्ही दोन्ही वेळा पॅड बदलल्यावर हे केलं होतं का?

दोनचाकी

हो, ते केलं होतं. पहिले आठ दिवस ब्रेक खरंच छान लागत होता.

टी_पंचवीस

पॅड तेलकट होतायत हे उघड आहे. प्रश्न एवढाच की तेल येतंय कुठून. चेनला स्प्रेवालं तेल मारता का? चेन उजवीकडे, रोटर डावीकडे, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण स्प्रेचे तुषार आऱ्यांमधून सहज पलीकडे जातात. मी थेंबाथेंबाने तेल घालायला लागल्यापासून किंचाळणं बंद झालं. रोटरला बोटही लावू नका, हाताचा तेलकटपणाही नको. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरं कापड. ज्या कापडाने चेन पुसता ते अजिबात नको.

गिरमिट

धागा वरपासून पुन्हा वाचला. दोनचाकी यांनी पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहून ठेवलंय असं वाटतं.

नुसती हवा असती तर लिव्हर मऊ लागला असता, पण पॅड खराब झाले नसते. नुसता चेनचा स्प्रे असता तर पॅड खराब झाले असते, पण लिव्हर हँडलला टेकला नसता. इथे दोन्ही एकदम होतंय, तेही ब्लीड करून कडक झालेल्या ब्रेकचं. म्हणजे आतलं तेल बाहेर येतंय, तेच पॅडवर बसतंय आणि जेवढं तेल गेलं तेवढी हवा आत घेतली जातेय. माझा संशय कॅलिपरमधल्या पिस्टनच्या सीलवर आहे.

हा सील म्हणजे चौकोनी छेदाची एक रबरी कडी. पिस्टन पुढे सरकला की ती त्याच्याबरोबर थोडी वाकते आणि लिव्हर सोडला की पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे येतो तो मुख्यतः हिच्यामुळे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो. उघड्या पडलेल्या भागावर धूळ, चिखल, पॅडची भुकटी बसते. मग कुणीतरी नवे पॅड घालताना तो घाण पिस्टन तसाच आत ढकलतो आणि तो कचरा सीलला घासत जातो. हे एकदा-दोनदा झालं की सील पाझरायला लागतो. धार लागत नाही, नुसता ओलावा येतो, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही.

खात्री करून घ्यायला खर्च नाही. चाक काढा, पॅड काढा. कॅलिपरची आतली बाजू अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. पॅडच्या जागी ब्लीड करताना वापरतात तो प्लास्टिकचा ठोकळा घाला. तो न घालता लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन पडेल. मग लिव्हर दाबून जाड रबरबँडने किंवा पट्ट्याने हँडलला बांधून ठेवा, कॅलिपरमध्ये आणि नळीच्या जोडाभोवती पांढरा टिश्यू पेपर खोचा. रात्रभर राहू द्या. सकाळी कागद बघा. डाग पिस्टनपाशी आला तर सील, जोडापाशी आला तर नळीची चकती किंवा जोड. कागद दोन्हीकडे कोरडा असेल तर मी चुकलो आणि टी_पंचवीस बरोबर.

एक विनंती: हा निकाल लागेपर्यंत ती सायकल उतारावर नेऊ नका.

मंदगती

+१. मेकॅनिकने दोनदा पॅड बदलले, पण पॅड का गेले हे बघितलं नाही, याचं वाईट वाटतं.

दोनचाकी

गिरमिट, मनापासून आभार. ठोकळा आहे, सायकलबरोबर आला होता. आज रात्री लावते.

वाऱ्यावरची

थोडं विषयांतर, पण "बदलायचंच" ठरलं तर माझं मत: साध्या केबलचे डिस्क ब्रेक घ्या. तेल नाही, सील नाही, हवा नाही. माझ्याकडे पाच वर्षं आहेत. केबल सैल पडली की लिव्हरजवळचा बॅरल अॅडजस्टर (केबल ताणायची फिरकी) फिरवला, संपलं.

जुनाट_सायकल

वाऱ्यावरची ताई, केबलवाल्या ब्रेकवर माझंही प्रेम आहे, पण तो अॅडजस्टर फिरवत राहणं थांबवा. बऱ्याच केबलवाल्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो रोटरला ढकलतो, रोटर जरासा वाकून आतल्या स्थिर पॅडला टेकतो आणि पकड येते. पॅड झिजले की आतल्या पॅडची घुंडी फिरवून तो जवळ आणायचा असतो. नुसती केबल ताणत गेलं तर कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि उरलेल्या हालचालीत पुरेसा जोर येत नाही. लोकांना वाटतं ब्रेक म्हातारा झाला. मी असे कितीतरी "म्हातारे" ब्रेक नवी केबल, नवं आवरण आणि त्या घुंडीच्या दोन-चार खटक्यांनी तरुण केलेत. तुमच्याकडे ५ मिमीची एल-की असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि एक: हायड्रॉलिकवरून केबलवर यायचं तर लिव्हरही बदलावे लागतात. त्यातही रस्त्याच्या सायकलचे वाकड्या हँडलचे लिव्हर केबल कमी ओढतात, सरळ हँडलचे व्ही-ब्रेकवाले जास्त ओढतात. कॅलिपर एका जातीचा आणि लिव्हर दुसऱ्या जातीचा लावला तर ब्रेक एकतर दगडासारखा लागतो नाहीतर लोण्यासारखा.

वाऱ्यावरची

काका, आत्ताच खाली जाऊन बघितलं. आतली घुंडी पाच वर्षांत एकदाही फिरवलेली नाही! तीन खटके फिरवल्यावर वेगळीच सायकल वाटतेय.

नवखा_रायडर

एक शंका. समजा हवा काढायची आहे आणि मिनरल ऑइल हाताशी नाही, तर मोटारसायकलचं ब्रेक ऑइल चालेल का? शेवटी ब्रेकचंच तेल ना?

उतारपटू

नाही, नाही आणि नाही. मोटारसायकलमध्ये सहसा डॉट फ्लुइड असतं. काही सायकल ब्रेक डॉटवर चालतात, काही मिनरल ऑइलवर, आणि दोघांच्या सीलचं रबर वेगळं असतं. कोणतं तेल हवं ते बहुतेक वेळा लिव्हरच्या झाकणावर किंवा कॅलिपरवरच लिहिलेलं असतं. शिमानो, मागुरा मिनरल ऑइल वापरतात. होप डॉट वापरतं. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटवर आहेत, पण काही मॉडेल मिनरलची आहेत, म्हणून नुसतं नाव बघून तेल ओतू नका.

डॉटमध्येही ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारलेले, तर डॉट ५ सिलिकॉनचं, त्यामुळे ५ आणि ५.१ एकच समजू नका. ग्लायकॉलवालं हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती हमी १५५ वर येते. म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं असतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण त्यात पाणी शिरलंच तर ते जड असल्याने खाली कॅलिपरमध्ये साचतं, म्हणजे नेमकं जिथे सगळ्यात जास्त ताप असतो तिथे, आणि १०० अंशांना उकळतं. वाफ झाली की लिव्हर पोकळ.

अनवट

वरच्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवातून देतो. मिनरलवाल्या ब्रेकमध्ये माझ्या सायकलला डॉट भरलं गेलं होतं. ज्याने भरलं त्याने चांगल्या हेतूनेच भरलं, दुपारभर ब्रेक व्यवस्थित चालला. काही दिवसांनी लिव्हर दाबला की परत यायला वेळ लागायला लागला. मग पॅड रोटरला चिकटूनच राहायला लागले आणि चाक अडखळत फिरू लागलं. उघडलं तेव्हा सील फुगून बेढब झाले होते. लिव्हरमधले, कॅलिपरमधले, सगळेच. धुऊन, पुसून, योग्य तेल भरून पाहिलं, पण फुगलेलं रबर पूर्वपदावर येत नाही. "सगळं बदला" हे माझ्या बाबतीत खरोखर एकमेव उत्तर होतं. लिव्हर, नळी, कॅलिपर, पॅड, सगळं गेलं. रोटर तेवढा धुऊन वापरला.

त्यामुळे दोनचाकी, मेकॅनिकला एवढं जरूर विचारा की मागच्या वेळी ब्लीड करताना कोणतं तेल घातलं होतं. डॉट असेल तर बाकीच्या तपासण्यांना अर्थ नाही.

दोनचाकी

अनवट, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. लगेच विचारलं. बाटली दाखवली त्याने, मिनरल ऑइलच होतं. हुश्श.

आणि आता सकाळचा निकाल. जोडाभोवतीचा कागद कोरडा. कॅलिपरमधल्या कागदावर एका बाजूला, आतल्या पिस्टनपाशी, नखाएवढा तेलाचा डाग. गिरमिट, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

रोटरही मोजला. नवीन असताना १.८ मिमी असतो ना? माझा १.७ भरला. त्यावर बारीक अक्षरात कमीत कमी १.५ असं कोरलेलं आहे.

टी_पंचवीस

मग रोटर ठेवा, अजून आयुष्य आहे. मायक्रोमीटरने मोजलात की व्हर्निअरने? व्हर्निअरचे जबडे सपाट असल्याने कडेच्या न झिजलेल्या भागावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. झिजलेल्या पट्ट्यावरच मोजा. आणि रोटर निळा-जांभळा पडलाय का बघा, म्हणजे किती तापतो ते कळेल.

दोनचाकी

मायक्रोमीटर, भावाच्या वर्कशॉपमधला. रंग बदललेला नाही.

मंदगती

रोज नवी बातमी येतेय, मी सकाळी उठून आधी हा धागाच उघडतो. आता पुढे काय? सील बदलायचा की कॅलिपर?

गिरमिट

ते उत्पादकावर अवलंबून. होप सगळे सुटे भाग विकतं, सीलपासून पिस्टनपर्यंत. स्रॅमच्या बऱ्याच कॅलिपरसाठी पिस्टन आणि सीलचे संच मिळतात. शिमानो आतले सील सुटे देत नाही, तिथे कॅलिपर अख्खाच बदलायचा. दोनचाकी, तुमचा ब्रेक कुठला?

दोनचाकी

शिमानो.

गिरमिट

मग फक्त मागचा कॅलिपर बदला. लिव्हर चांगला, नळी चांगली, रोटर चांगला. कुठलातरी रबरी ओ-रिंग मापाने जुळवून बसवण्याचे प्रयोग करू नका. तो चौकोनी छेदाचा सील पिस्टनला मागे ओढायचंही काम करतो, गोल कडी ते करणार नाही.

घेताना तीन गोष्टी जुळवा. बसवायची जागा: पोस्ट माउंट की फ्लॅट माउंट (फ्रेमवर कॅलिपर बसवायच्या दोन पद्धती). नळीचा जोड: बँजो बोल्टवाला (नळीच्या टोकाच्या कडीतून बोल्ट जातो तो) की सरळ आत जाणारा. सरळवाला असेल तर नळी थोडी कापून नवं ऑलिव्ह (नळीवर आवळली जाणारी धातूची कडी) आणि इन्सर्ट (नळीच्या टोकात घालायची बारीक नळी) घालावं लागतं, जुनं ऑलिव्ह पुन्हा वापरू नका. आणि पिस्टन: दोनाच्या जागी चार पिस्टनचा हवासा वाटेल, पण लिव्हर किती तेल ढकलतो याच्याशी तो जुळला पाहिजे. कंपनीच्या सुसंगती तक्त्यात दोघं एकत्र दिसले तरच घ्या.

पॅड नवे घ्याच. तेल प्यायलेले रेझिन पॅड घासून, भाजून कोरडे करण्याचे उपाय लोक सांगतात. रेझिन सच्छिद्र असतं, तेल खोलवर गेलेलं असतं, वर घासलं तरी तापल्यावर पुन्हा पृष्ठभागावर येतं. शिवाय भाजताना निघणारा धूर वाईट. रोटरवर "फक्त रेझिन पॅड" असं लिहिलं असेल तर धातूचे पॅड लावू नका, तो रोटर लवकर खलास होईल.

नवखा_रायडर

पण मागचा सील सहा वर्षांत गेला तर पुढचाही त्याच वयाचा आहे. तोही आत्ताच बदलावा असं अजूनही वाटतं मला.

जुनाट_सायकल

बाळा, शंका रास्त आहे. पण मागचा कॅलिपर जास्त चिखल खातो आणि बऱ्याच जणांची सवय उतारभर मागचा ब्रेक हलका धरून ठेवायची असते, त्याने तो सतत तापलेला राहतो. दोघांचं वय एक असलं तरी भोगलेलं वेगळं. पुढच्याला तीच कागदाची परीक्षा द्या. कोरडा निघाला तर पिस्टन थोडे बाहेर आणून त्यांच्या कडा ब्रेकच्याच तेलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने कॅलिपर कोरडा करा आणि पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने आत ढकला. स्क्रू-ड्रायव्हरने नको, सिरॅमिक पिस्टनची कपची उडते.

उतारपटू

उतारभर धरून ठेवण्याबद्दल काकांना पूर्ण अनुमोदन. दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ, मग सोडा, रोटरला वारा लागू द्या.

दोनचाकी

चार दिवसांनी येतेय. फक्त मागचा कॅलिपर आणि पॅड बदलले. माझा जोड बँजोवाला निघाला, त्यामुळे नळी कापावी लागली नाही, नव्या ओ-रिंग घातल्या. ब्लीड मी स्वतः केलं, मेकॅनिक शेजारी उभा राहून बघत होता. बाटलीभर धीर लागला, पण शेवटी बुडबुडे थांबले. कॅलिपर मध्यावर आणायला बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरला आणि ८ न्यूटन-मीटरच्या आत आवळला. रोटर तीनदा अल्कोहोलने पुसला, तिसऱ्या वेळी कापड पांढरं राहिलं. वीस वेळा सपाटीवर थांबवून मगच उतारावर गेले. आवाज नाही, लिव्हर निम्म्यातच थांबतो. पुढच्याचा कागद रात्रभर ठेवून कोरडा निघाला, म्हणून तो नुसता साफ केला. मागच्याला आठ दिवसांनी पुन्हा कागद लावणार आहे, कारण आधीही आठ दिवस सगळं छानच होतं.

वाऱ्यावरची

मस्त! कागद लावलात की इथे नक्की कळवा.

अनवट

धागा वाचून मीही माझ्या दुसऱ्या सायकलचा लिव्हर बांधून ठेवला. कॅलिपर कोरडा, जोड कोरडे, हवा नाही, दाबल्यावर कडक लागतो. पण धरून ठेवला की मिनिटभरात हळूहळू हँडलकडे खाली जातो. सोडून पुन्हा दाबला की परत वर. हे काय?

गिरमिट

बाहेर कुठेच ओल नसेल तर लिव्हरमधल्या मास्टर पिस्टनचा (तेल ढकलणाऱ्या पिस्टनचा) सील. तेल बाहेर न येता त्या सीलवरून मागे टाकीत जातंय. कॅलिपरला हात लावू नका, तो निर्दोष आहे. लिव्हरचे आतले भाग मिळत असतील तर तो संच, नाहीतर फक्त लिव्हर. मॉडेल सांगा, बघू काय मिळतं ते. तोवर ती सायकल बाहेर काढू नका.

अनवट

ठीक. संध्याकाळी झाकणावरचा नंबर वाचून टाकतो इथे.